सिगारेट कामगारांच्या मुलांची शाळा माणदेशात कधी येणार?

प्रति,
महाराष्ट्रातल्या स्टायनर (वॉल्डॉर्फ) शाळांचे संस्थापक, विश्वस्त आणि शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातली नाही, हे आधीच सांगते. ३४ वर्षं जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका होते, त्यातली २१ माण तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळांवर गेली. निवृत्तीनंतर गुडघे दाखवायला आणि नातीला भेटायला पुण्याच्या खेपा वाढल्या. नात तुमच्यापैकीच एका शाळेत, म्हणजे रुडॉल्फ स्टायनर या युरोपातल्या तत्त्वचिंतकाच्या शिक्षणपद्धतीवर चालणाऱ्या शाळेत, दुसरीत आहे. तिला तिथे घातलं तेव्हा लेकाशी मी दोन दिवस धड बोलले नव्हते. पहिली संपत आली तरी पोरीला सलग वाचता येत नव्हतं, आणि वर्षाची फी म्हणजे माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांचा पगार. वाचायला न शिकवण्याचे एवढे पैसे घेतात का, असं मी विचारलंही होतं. सुनेने हसून विषय बदलला.

मग एका शनिवारी ती माझ्याजवळ रंगवायला बसली. आधी स्पंजने कागद ओला केला, पाटावर सपाट चिकटवला. वाटीत दोनच रंग, पिवळा आणि निळा. पेन्सिल नाही, रेघ नाही, 'आता डोंगर काढ, मधून सूर्य काढ' नाही. एका बाजूने पिवळा सोडला, दुसऱ्या बाजूने निळा. ओल्या कागदावर दोन्ही सरकत सरकत एकमेकांत गेले आणि ती एकदम दबक्या आवाजात म्हणाली, "आजी, हिरवा आपोआप आला. मी नाही केला."

निळा अधिक पिवळा बरोबर हिरवा, हे मी किमान हजार मुलांना फळ्यावर सांगितलं असेल. एकाही मुलाचा आवाज असा दबका झालेला मला आठवत नाही.

त्या दिवसापासून मी तुमच्या शाळेकडे नीट बघायला लागले. सुनेने पालकसभेत मिळालेले कागद दिले, नातीने वह्या दाखवल्या, एका उत्सवाच्या दिवशी मी वर्गात जाऊनही बसले. जितकं बघितलं तितकं आवडत गेलं आणि तितकाच रागही येत गेला. म्हणून हे पत्र. खासगीत लिहिलं असतं तर तुम्ही गोड उत्तर देऊन मोकळे झाला असता, म्हणून उघड लिहिते आहे.

आधी आवडलेलं सांगते.

सकाळचा दोन तासांचा मेन लेसन. एकच विषय, तीन-चार आठवडे रोज तोच, मग दुसरा. आमच्याकडे ३५ मिनिटांची तासिका असते. मुलं दप्तरातून वही काढून शिळोप्याच्या गप्पा आटोपेपर्यंत त्यातली दहा जातात. शिवाय तुमच्याकडे गोष्ट सांगितली की त्याच दिवशी तिच्यावर प्रश्न विचारत नाहीत. ती रात्रभर मुलासोबत झोपू देतात. दुसऱ्या दिवशी मुलंच ती आठवून सांगतात, मग चित्र, मग लिहिणं. दुधाला विरजण लावल्यावर कुणी दर पाच मिनिटांनी चमचा घालून बघत नाही. शाळेत मात्र आम्ही आयुष्यभर तेच केलं. धडा संपला की लगेच 'एका वाक्यात उत्तरे लिहा'.

मग तो गणिताचा उलटा मार्ग. आमच्या पुस्तकात असतं: तीन अधिक नऊ बरोबर किती? नातीच्या वहीत होतं: बारा म्हणजे किती आणि किती? भाग जोडून पूर्णाकडे जायचं नाही, पूर्णापासून सुरुवात करून भागांकडे यायचं. ऐकायला एवढंसं वाटतं. पण पहिल्या प्रश्नाला उत्तर एकच, ते चुकलं की मूल चुकलं. दुसऱ्याला डझनभर उत्तरं, आणि कधीच हात वर न करणाऱ्या पोराला त्यातलं एक तरी सापडतंच. मी त्याच रात्री माझ्या जागेवर आलेल्या बाईंना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी पहिलीला बारा-बारा चिंचोके वाटले. संध्याकाळी त्यांचा फोन: एक पोरगं म्हणालं, बाई, बारा आणि काहीच नाही, असं पण होतंय की! शून्य शिकवायला मला आठवडा लागायचा. त्या पोराने तो स्वतःच शोधून बाईंच्या हातावर ठेवला. खर्च शून्य, चिंचोके गावचेच.

आणि हसू आलं ते पुढच्या गोष्टीचं. तुमच्या पद्धतीत पहिली ते आठवी एकच वर्गशिक्षक मुलांबरोबर वर चढत जातो. किती कौतुकाने सांगता तुम्ही! आम्ही हे नाइलाजाने करत होतो. दोन शिक्षक, चार वर्ग. पहिलीला आलेलं पोर चौथीपर्यंत माझ्याच पदराला धरून. कुणाचा बाप पितो, कुणाला दुपारी झोप का येते, कोण रागावलं की बोलायचं बंद करतं, सगळं पाठ. तपासणीला आलेले साहेब याला 'मनुष्यबळाची कमतरता' म्हणायचे.

तुमच्या फॉर्म ड्रॉइंगचंही तेच. पहिलीच्या पहिल्या दिवशी एक सरळ रेघ आणि एक वाकडी रेघ, मग आरशातल्यासारख्या जोड आकृत्या, मग वळणं, वेटोळी, गाठी. अक्षराआधी हाताला आणि डोळ्याला वळण. आमच्या दारात रोज सकाळी ठिपक्यांची रांगोळी निघते, तिच्यात हे सगळं आहे. धुळाक्षरं गिरवताना पूर्वी बोट धुळीतून फिरायचं, तेही हेच. आणि अआइई सोडून 'गमभन'ने सुरुवात करणाऱ्या मराठी मास्तरांना ठाऊक होतं की हाताला सोपं जाणारं अक्षर आधी यावं, वर्णमालेत पहिलं असलेलं नव्हे. तुम्ही पाळण्याच्या लाकडाला नवा रंग दिलाय. पण पाळणा आमच्या ओळखीचा आहे.

आता रागाचं.

तुमच्या संकेतस्थळांवर आणि माहितीपत्रकांत एक तारीख हमखास असते, ७ सप्टेंबर १९१९. त्या दिवशी जर्मनीतल्या स्टुटगार्टला पहिली वॉल्डॉर्फ शाळा उघडली. पण त्या तारखेमागची हकिकत तुम्ही दोन ओळींत उरकता, म्हणून मी जरा सावकाश सांगते. वॉल्डॉर्फ हे कुठल्या ऋषीचं किंवा शिक्षणतत्त्वाचं नाव नाही. ते एका सिगारेटच्या कारखान्याचं नाव आहे, वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया. महायुद्ध हरलेला देश, उपाशी शहरं, रस्त्यावर क्रांतीच्या घोषणा. कारखान्याचे मालक एमिल मोल्ट यांनी रुडॉल्फ स्टायनर यांना आपल्या कामगारांपुढे बोलायला बोलावलं. ते एप्रिल १९१९ मध्ये बोलले. कामगारांच्या मनात आलं, हे जे ऐकतोय ते आमच्या पोरांना का मिळू नये? मोल्टनी पैसा उभा केला, स्टायनरनी अट घातली की शाळा सगळ्यांना खुली हवी, मुलगे-मुली एकत्र हव्यात आणि कारभार शिकवणाऱ्यांच्या हाती हवा. ऑगस्टअखेर दोन आठवडे शिक्षकांचं शिबिर झालं आणि सप्टेंबरात शाळा सुरू. पहिल्या दिवशी २५६ मुलं, बहुतेक त्या कारखान्यातल्या कामगारांची. १२ शिक्षक.

म्हणजे बघा, तंबाखूच्या धुळीत दिवस काढणाऱ्यांच्या पोरांसाठी, त्यांच्या घरच्या भाषेत, शिकवणारी ही शाळा. हिटलरच्या राजवटीने ती १९३८ मध्ये बंद पाडली, १९४५ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. आज जगभर तिच्या हजाराहून जास्त बहिणी आहेत. आपल्याकडे हैदराबादला १९९७ मध्ये, मुंबईला २००० मध्ये शाळा निघाल्या, मग पुण्यात आणि इतरत्र. लोणावळ्याजवळच्या खंडाळ्याला तर तुमच्या शिक्षकांची वर्षानुवर्षं शिबिरं भरत आली आहेत. खंडाळ्यापासून माझं गाव दिवसभराच्या एसटीवर आहे. पण एवढ्या वर्षांत ते शिबिर घाट उतरून आमच्याकडे आलं नाही, आणि आमच्यापैकी कुणाला तिथे बोलावणंही आलं नाही.

नातीच्या शाळेत मराठी ही 'सेकंड लँग्वेज' आहे. आठवड्यातून तीन तास मराठीच्या ताई येतात, गाणी घेतात आणि जातात. सकाळचं कवन इंग्रजीत, गोष्ट इंग्रजीत, वहीतलं पहिलं अक्षर इंग्रजी. तुमचेच गुरुजी सांगून गेले की अक्षर चित्रातून यावं: आधी माशाची गोष्ट, मग माशाचं चित्र, मग त्या चित्रातून एफ. सुंदर कल्पना आहे. पण ती मराठीत करून बघायचा विचार तुमच्यापैकी किती जणांच्या मनात आला? मी एका दुपारी बसून बघितलं. 'ळ' घ्या. दोन गोल शेजारी शेजारी, वर एक रेघ. डोळेच की! आणि 'डोळे' या शब्दात तो ळ बसलेलाच आहे. मोठमोठे डोळे असलेल्या घुबडाच्या बाळाची एखादी गोष्ट सांगा, डोळे काढा, आणि दुसऱ्या दिवशी त्या डोळ्यांतून ळ उतरू द्या. अक्षर इतकं आपलं की अनेक भाषांना ते उच्चारता येत नाही. सगळी अक्षरं अशी वश होणार नाहीत. 'क्ष'पुढे मी हात टेकले. पण तुमच्याकडे शिकलेली, वाचणारी, चित्र काढणारी इतकी माणसं आहेत. ४० अक्षरांना ४० चित्रं सापडणार नाहीत होय?

गोष्टींचंही तसंच. दुसरीला प्राण्यांच्या बोधकथा आणि संतांच्या कथा, असा तुमचा क्रम. एक दिवस नात असिसीच्या संत फ्रान्सिसची आणि गुब्बिओच्या लांडग्याची गोष्ट सांगत आली. गोष्ट चांगलीच आहे, मलाही आवडली. मी तिला त्या रात्री एकनाथांची सांगितली. काशीची कावड रामेश्वराला नेताना तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजणारे एकनाथ. आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. ती म्हणाली, "आजी, हे पण सेंट आहेत? मग टीचरना माहीत नाहीत का?" मी काय सांगणार! कदाचित माहीत असतील. पण ज्या पुस्तकातून त्या शिकल्या त्यात नसतील.

तिसरीला शेती आणि घरबांधणी हे तुमचे विषय. मुलं आठवडाभर शेतावर जातात, पेरतात, मळतात, मातीची वीट पाडतात. मला फोटो बघून आनंद झाला, खोटं बोलत नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे हजेरीपट आला. ज्वारीच्या काढणीला, मेंढरं घेऊन बाप निघाला की त्याच्या मागे, माझी तिसरीतली मुलं जायची. तुमची मुलं जे शिकायला जातात तेच ती करत होती. फरक एवढाच की त्यांच्या नावापुढे मी लाल शाईने 'गै' लिहीत होते.

लोकरीचं तर काय बोलावं! पहिलीत मुलगे-मुली सगळे दोन सुयांवर विणायला शिकतात, त्याने बोटं आणि बुद्धी दोन्ही चालतात, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. नातीने पहिल्यांदा विणलेलं वेडीवाकडी बासरीची खोळ मी जपून ठेवलीय. पण ती लोकर बाहेरच्या देशातली, महागडी, मऊ. आमच्याकडे दख्खनी मेंढीची लोकर आहे. भरड आहे, टोचते, तिची घोंगडी होतात, आणि आता त्या लोकरीला भावच उरला नसल्याने कातरलेली लोकर लोक फेकून देतात. ती पिंजायची, चातीवर कातायची कशी, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजून जिवंत आहेत. दहा वर्षांनी नसतील.

तुम्ही म्हणाल, बाई, युरोपातली पद्धत, ती अशी एकदम कशी उतरवणार? उतरवता येते. आपल्याकडे ते एकदा झालेलं आहे. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला माँटेसरी पद्धतीचं काम केलं. ते काम चांगलं चाललेलं असताना ताराबाईंना एक गोष्ट खुपत राहिली, की ही बालशाळा पैसेवाल्यांच्या मुलांपुरती राहते आहे. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, मग अनुताई वाघांसह कोसबाडला. इटलीहून आलेली लाकडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले घेतले, बिया घेतल्या, पानं, काड्या, दगड घेतले. वारली पोरं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, म्हणून अंगणवाडी. पोरं गुरं चारायला जातात तर शाळा माळावर नेली, म्हणून कुरणशाळा. माँटेसरीबाईंचा विचार त्यांनी टाकला नाही. त्याला जमिनीवर बसायला शिकवलं. आज देशभर सरकारी योजनेच्या पाट्यांवर जो 'अंगणवाडी' शब्द आहे तो तिथून आला.

माँटेसरीला ताराबाई मिळाल्या. स्टायनर पाव शतक महाराष्ट्रात राहूनही पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतच फिरतोय.

इथे माझ्याही बाजूच्या लोकांना थोडं बोलायला हवं, कारण हे सगळं जसंच्या तसं उचलून जिल्हा परिषदेच्या शाळेत टाका असं मी म्हणत नाही. मुख्य काळजी वाचनाची. दुधाचे दात पडू लागेपर्यंत अक्षराची घाई नको, लिहिणं आधी आणि वाचन त्यातून, असं तुमचं धोरण. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सगेट आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला आहे: पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली मुलं आणि सातव्या वर्षी शिकलेली स्टायनर शाळेतली मुलं अकराव्या वर्षाच्या सुमाराला बरोबरीला आली. ठीक. माझी नातही आता वाचते आहे, लेकाशी मी उगाच भांडले. पण तिच्या घरात तीन कपाटं पुस्तकं आहेत आणि झोपताना वाचून दाखवणारी दोन माणसं. माझ्या वर्गातल्या मुलाच्या घरात छापलेला कागद म्हणजे बियाण्याची पिशवी आणि कालनिर्णय. तिथे शाळेने वाचनाला उशीर केला तर ती भरपाई करायला दुसरं कुणी नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्क्यांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. म्हणजे आमचं घाईचं शिक्षणही वाचायला शिकवत नाहीच आहे. पण म्हणून थांबणं हा त्यावरचा इलाज आहे, असं मला कुणी सांगू नये. अक्षर चित्रातून येऊ दे, गोष्टीतून येऊ दे, पण दुसरीच्या दिवाळीपर्यंत येऊ दे. यावर तुमच्याशी वाद घालायला मला आवडेल. तुम्ही पोथीला चिकटून राहाल की पोराकडे बघाल, ते त्या वादात कळेल.

दुसरी गोष्ट पोथीचीच. शाळेच्या मागे जे तत्त्वज्ञान आहे, अँथ्रोपॉसॉफी, त्याच्याबद्दल प्रवेशाच्या वेळी कुणी बोलत नाही. सुनेला तो शब्द दीड वर्षाने कळला. स्टायनर १९०२ पासून जर्मनीत थिऑसॉफिकल सोसायटीचं काम बघत होते. आपल्या चेन्नईतल्या अड्यारचीच ती सोसायटी. कृष्णमूर्तींना जगद्गुरू म्हणून पुढे आणण्यावरून त्यांचं फाटलं आणि १९१२-१३ च्या सुमाराला त्यांनी वेगळी चूल मांडली. कर्म, पुनर्जन्म, सात-सात वर्षांचे टप्पे, चार स्वभावप्रकृती हे सगळं त्यात आहे. आम्हाला कर्म आणि पुनर्जन्म ऐकून भोवळ येणार नाही, इथे ते भाजीबरोबर मिळतात. पण मुलाला वर्गात कुठे बसवायचं हे त्याच्या 'प्रकृती'वरून ठरत असेल तर ते आईबापांना आधी सांगावं. स्टायनरच्या लेखनात वंशांबद्दल काही विधानं आहेत, आज वाचवत नाहीत अशी. जर्मनीतल्या तुमच्याच शाळांच्या संघाने २००७ मध्ये स्टुटगार्टमधून जाहीर निवेदन काढून वंशभेद नाकारला. इंग्लंडमध्ये २०१८ मध्ये एका स्टायनर अ‍ॅकॅडमीवर सरकारी तपासनिसांनी कडक ताशेरे ओढले. हे तुम्हाला माहीत आहे. मला ते नातीच्या शाळेकडून कळायला हवं होतं, इंटरनेटवर रात्री अकरा वाजता नव्हे.

लशींबद्दलही असंच. २०१८ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका वॉल्डॉर्फ शाळेत कांजिण्यांची मोठी साथ आली, लस न घेतलेली मुलं तिथे पुष्कळ होती म्हणून. तुमच्या विचाराचे डॉक्टर आम्ही लसविरोधी नाही असं म्हणतात; असतीलही. पण मी पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसलेली बाई आहे. शेकडो पोरांच्या करंगळीला शाई लावलीय, उसाच्या फडात, मेंढरांच्या वाड्यावर, वीटभट्टीवर जाऊन. पांगळी पोरं डोळ्यांनी बघितलेली आहेत. तेव्हा तुमच्या दारावर एक पाटी लावा, सगळ्या लशी घेतलेल्या असाव्यात अशी, मोठ्या अक्षरात. मराठीत.

आमचे शिक्षक हे करतील का, असं तुम्ही मनात म्हणत असाल. त्यांच्यावर माझा भरवसा आहे, त्यांच्या दिवसावर नाही. सकाळी पोषण आहाराची नोंद मोबाइलवर टाका, दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली माहिती एक तासात भरून द्या, मतदारयाद्या, सर्वेक्षणं, बँकेत खाती, आधार जुळवणी. तुमचा शिक्षक रात्री उद्याची गोष्ट पाठ करतो आणि फळ्यावर रंगीत खडूने चित्र काढून ठेवतो. आमचा शिक्षक रात्री लिंक उघडत नाही म्हणून तांत्रिक मदतीला फोन लावतो. हे सरकारशी भांडायचं आहे, ते मी वेगळं भांडते. तुमच्याशी भांडण नाही.

तरीसुद्धा त्यातलं निम्मं आजच होण्यासारखं आहे. बारा चिंचोके झालेच. पाढे पाय आपटत, टाळ्या वाजवत म्हणणं झालं. बे एके बे, बे दुणे चार आमच्याकडे कायम तालातच होते, आम्हीच त्यांना बाकावर बसवलं. 'कार्यानुभव' हा विषय आमच्या वेळापत्रकात आहेच. तो तास गणिताचा राहिलेला भाग पुरा करायला जातो, एवढंच. सकाळचे दीड-दोन तास एकाच विषयाला द्यायला द्विशिक्षकी शाळेत कुणाची हरकत नाही, घंटा वाजवणारा तोच आणि शिकवणाराही तोच. छापील स्वाध्यायाऐवजी मुलाने स्वतःचं पुस्तक स्वतः लिहायचं, रंगवायचं, ही तर मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. नातीच्या वहीत प्रत्येक पानाला तिने कडा काढलीय. माझ्या मुलांच्या वह्यांना लाल शेरे असायचे, कडा नसायच्या.

यासाठी तुमच्याकडून जे हवं ते फार नाही. तुमच्याकडे शिक्षकांसाठीच्या टिपणांचे, गोष्टींचे, गाण्यांचे, पाठांच्या आखणीचे जे गठ्ठे आहेत ते मराठीत आणा. भाषांतर करून नाही, इथल्या गोष्टी, इथल्या ओव्या, इथले सण घालून नव्याने लिहा; पंचमीची गाणी, भोंडला, बैलपोळा हे सगळं तुमच्या 'ऋतूंच्या उत्सवा'त बसतं, तुम्ही उगाच कंदील घेऊन नोव्हेंबरात सेंट मार्टिनची मिरवणूक काढता. आणि शिबिर मराठीत घ्या, आमच्या शिक्षकांना परवडेल अशा पैशांत, किंवा फुकट. मोल्टनी कामगारांकडून फी घेतली नव्हती. तुमच्या पालकांत एखादा मोल्ट निघणार नाही असं मला वाटत नाही. गाड्या बघितल्या आहेत मी गेटवर उभ्या.

आणि शक्य झालं तर एक वर्ग. शाळा नको, एकच वर्ग, मराठीतून, पहिलीचा, तुमच्याच इमारतीत. तुमच्याकडे भांडी घासायला, गाड्या धुवायला, पोरं सांभाळायला येणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी सुरू करा. त्या बायका म्हणजे तुमच्या कारखान्यातल्या कामगार.

माझ्याकडून मी एवढं करू शकते. मे महिन्यात आमच्या गावच्या शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या असतात, मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलंय. तालुक्यातले १५-१६ शिक्षक स्वतःच्या सुट्टीत यायला तयार आहेत, त्यांत पाच जण तिशीच्या आतले आहेत आणि एकाला बासरी येते. तुमच्यापैकी दोघं-तिघं आठ दिवस आलात तर राहायची सोय माझ्या घरी होईल. मेणाचे खडू आणि रंग तुम्ही आणा, लोकर आमच्याकडे आहे. कातून दाखवणारी म्हातारीही ठरवून ठेवलीय; तिला ऐकू कमी येतं, जरा मोठ्याने बोलावं लागेल. मे महिन्यात पाणी टँकरचं असतं, तेव्हा कागद ओला करायला बादली एकच मिळेल, तीही सकाळची भरून ठेवलेली.

कळवा. एसटी स्टँडवर घ्यायला येईन.

आपली,
एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षिका,
माण तालुका, जिल्हा सातारा